शून्यावा दिवस कोणता? आतड्याच्या कर्करोगपेशींचं विभेदन आणि जनुकांची मोजणी, नव्याने शिकणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचा शून्यावा दिवस कोणता?" मी म्हटलं, "ज्या दिवशी प्लेटमध्ये पेशी टाकल्या तो." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढची वीस मिनिटं मी माझ्याच आलेखांकडे परक्यासारखी बघत होते.

मी परभणीकडची. आमच्याकडे निर्जंतुक कामासाठी एक हूड, एक कार्बन डायऑक्साइड इनक्युबेटर आणि एक साधं पीसीआर मशीन होतं. जनुकाच्या प्रती मोजणारं रिअल-टाइम पीसीआर नव्हतंच. लातूर, नांदेड, बीड, कुठल्याही गावच्या कॉलेजात थोड्याफार फरकाने असंच असतं. तुमच्या मार्गदर्शकांनी "कोलन कॅन्सर सेल्सचं डिफरन्शिएशन बघ, जीन एक्स्प्रेशन कर" (म्हणजे कोणतं जनुक किती कामात आहे ते मोज) असं सांगून विषय दिला असेल, तर कुठे घसरायला होतं ते खाली क्रमाने लिहिलं आहे.

१. पेशी कुठून कुठे जाते ते आधी समजून घ्या

मोठ्या आतड्याच्या अस्तरात लाखो सूक्ष्म विहिरी असतात. त्यांना क्रिप्ट म्हणतात. विहिरीच्या तळाशी मूलपेशी. त्यांच्या लेकी काठाकडे सरकतात, सरकता सरकता विभागणं थांबवतात, कुणी शोषणाचं काम घेते तर कुणी चिकट स्राव करण्याचं, आणि ४-५ दिवसांत काठावर पोचून गळून पडतात. तळाशी 'विंट' नावाचा संदेश जोरात असतो, वर जाताना तो मंदावतो. या प्रवासाला विभेदन म्हणायचं.

कर्करोगात बहुतेक वेळा एपीसी हे जनुक बिघडतं आणि विंटचा संदेश बंदच होत नाही. त्यामुळे विभागणीला रेटणारं एमवायसी जनुक चढं, म्हणजे जास्त कामात, राहतं, ते पी२१ ला दाबून ठेवतं, आणि पी२१ नाही म्हणजे पेशीला ब्रेक नाही. दवाखान्याच्या बायोप्सी रिपोर्टवर 'वेल डिफरन्शिएटेड' किंवा 'पुअरली डिफरन्शिएटेड' असं लिहिलेलं असतं ते याच वाटेवरचं मोजमाप आहे.

तळाशीच अडकलेल्या अशा पेशीला पुन्हा काठाच्या वाटेला लावलं तर तिची कोणती जनुकं चढतात आणि कोणती उतरतात, हा आपला विषय. कोणती पेशी, कशाने वाटेला लावली, कितव्या दिवशी पाहिलं, हे एका वाक्यात मांडून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. 'कितव्या दिवशी' हा तुकडा बहुतेकजण गाळतात. मीही गाळला होता.

२. पेशी निवडा

खालच्या तिन्ही सेल लाइन आहेत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून घेऊन लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशी.

काको-२: घट्ट भरली की औषधाशिवाय, आपणहून विभेदित होते. तीन आठवडे लागतात. गंमत म्हणजे हिचंही एपीसी बिघडलेलं आहे, तरी गर्दी झाली की ती शहाण्यासारखी वागते. वाढ सावकाश.

एचटी-२९: १९६४ मध्ये वेगळी केलेली जुनी पेशी. साधारण दिवसभरात दुप्पट होते. सोडियम ब्युटिरेट (पेशीला विभेदनाकडे ढकलणारा क्षार) दिलं की तीन दिवसांत फरक दिसतो. हिचं पी५३ (एरवी पी२१ ला चढवणारं जनुक) बिघडलेलं आहे हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एचसीटी-११६: पुष्कळ ठिकाणी सहज मिळते म्हणून घेतली जाते. ही विभेदनाला फारशी दाद देत नाही. पहिल्याच प्रकल्पासाठी घेऊ नका.

हातात सहा महिने असतील तर काको-२, तीनच असतील तर एचटी-२९. दोन्ही एकदम सुरू करू नका. इनक्युबेटर तुमच्या एकट्याचा नसतो.

३. कागदपत्रं

- संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी. समितीची बैठक कधी असते ते पहिल्याच आठवड्यात विचारा, नाहीतर सत्र तिथेच संपतं.
- लेटरहेडवर प्राचार्यांच्या किंवा विभागप्रमुखांच्या सहीचं मागणीपत्र, सोबत प्रकल्पाचा अर्धा पान सारांश.
- पेशी फक्त संशोधनासाठी वापरू, परस्पर कुणाला देणार नाही, असं हमीपत्र.
- पैसे भरल्याची पावती, दोन झेरॉक्स.
- जैववैद्यकीय कचरा उचलण्याची संस्थेची व्यवस्था. २०१६ च्या नियमांमुळे ही विचारणा होतेच.

रुग्णाच्या गाठीचा तुकडा वापरायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नैतिकता समितीची मंजुरी, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रुग्णाची लेखी संमती, आणि ती रुग्णाला कळेल अशा मराठीत. पदव्युत्तर प्रबंधाच्या वेळापत्रकात हे बसत नाही. तयार सेल लाइनवरच काम करा.

४. पेशी आणणं आणि जपणं

आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे पुण्यातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. तिथला पेशीसंग्रह देशभरातल्या संस्थांना सेल लाइन पुरवतो. मैत्रिणीच्या लॅबमधून फुकट ट्यूब आणण्याचा मोह आवरा. लेबलवर एचटी-२९ लिहिलंय म्हणून आत तीच असेल असं नाही, आणि मायकोप्लाझ्मा हा पेशींसोबत वाढणारा सूक्ष्म जिवाणू तर डोळ्यांना दिसतच नाही. तो माध्यम, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात ते, गढूळ करत नाही, गुपचूप जनुकांचे आकडे बदलतो. पेशी कुठूनही आणा, पीसीआरने मायकोप्लाझ्मा तपासा आणि दर महिन्याला पुन्हा तपासा.

जिवंत पेशींचा फ्लास्क माध्यमाने काठोकाठ भरलेला असतो. तो बर्फात ठेवायचा नाही. हे ठळक लिहिते, कारण आमच्या एका सीनियरने मे महिन्याच्या धास्तीने बर्फ घातला आणि परभणीत मेलेल्या पेशी उतरवल्या. थर्माकोलचा डबा, रात्रीची गाडी, डबा मांडीवर, एवढं पुरतं. आल्यावर जादा माध्यम काढून ठेवा, फेकू नका, आणि रात्रभर इनक्युबेटरमध्ये पेशींना विश्रांती द्या.

पेशी भरल्या की सोडवून नव्या फ्लास्कमध्ये टाकणं म्हणजे एक पॅसेज. पहिल्या दोन पॅसेजमध्येच १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं द्रव) घालून पाच-सहा व्हायल गोठवा. उणे ८० चा फ्रीजर हे कायमचं घर नाही, तिथे महिन्यागणिक पेशी खंगतात. द्रव नायट्रोजन हवा. आमच्या लॅबमध्ये नव्हता, पण आपल्या भागात तो वाटतो तितका दुर्मीळ नाही. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्याच्या कांड्या त्यातच ठेवतात. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. रीतसर पत्र देऊन विचारा. माझ्या एचटी-२९ च्या व्हायल आठ महिने देवणी वळूंच्या शेजारी सुखाने राहिल्या.

लाइटचं काय? इनक्युबेटर इन्व्हर्टरवर आहे का ते आधी बघा. नसेल तर आमच्या लॅबमधल्या शिपाईमामांचा उपाय: लाइट गेली की दार अजिबात उघडायचं नाही आणि वेळ लिहून ठेवायची. "मॅडम, रात्री दोन घंटे लाइट नव्हती" ही त्यांची चिठ्ठी माझ्या वहीत चिकटवलेली आहे. त्या बॅचचे आकडे बाकीच्यांशी जुळेनात, तेव्हा त्या चिठ्ठीनेच कारण सांगितलं.

५. दिवस मोजा

सोयाबीनचे दिवस पेरणीपासून मोजतात. काको-२ चे पेरणीपासून मोजायचे नसतात. प्लेटचा तळ पूर्ण झाकला जातो, पेशीला पेशी चिकटते, तो शून्यावा दिवस. कारण विभेदनाला चालना मिळते ती गर्दीने. मी प्लेटमध्ये पेशी टाकल्यापासून मोजत होते. एका बॅचला तळ भरायला चार दिवस लागले, दुसरीला सहा, आणि दोन्हींचा 'सातवा दिवस' मी एकाच रकान्यात भरला. दोन वेगळ्या वयाची पोरं एकाच इयत्तेत बसवल्यासारखं झालं ते.

काको-२ साठी असं करा. तळ ५० टक्के भरलेला असताना एक नमुना घ्या, पूर्ण भरला की दुसरा, मग ७, १४ आणि २१ व्या दिवशी. माध्यम दर दुसऱ्या दिवशी बदला, रविवार असो की पोळा. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास थरावर छोटे घुमट उठतात. पेशी वरून पाणी शोषून खाली ढकलायला लागल्या की थर तळापासून उचलला जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बुरशीच वाटली होती. घुमट दिसले की फोटो काढा.

एचटी-२९ ची वाट वेगळी. इथे शून्य म्हणजे ब्युटिरेट घातल्याचा क्षण. सोडियम ब्युटिरेटचा रेणुभार ११० आहे. १.१ ग्रॅम १० मिलिलिटर पाण्यात विरघळवलं की १ मोलर साठा तयार. तो गाळणीतून निर्जंतुक करा. १० मिलिलिटर माध्यमात ५० मायक्रोलिटर घातलं की ५ मिलिमोलर होतं. आधी १, २ आणि ५ असे तीन डोस करून किती पेशी मरतात ते ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींतच शिरणारा निळा रंग) मोजा. बाटली उघडल्यावर खवट लोण्यासारखा वास येतो. घाबरू नका, तो त्याचाच आहे.

खरा सापळा कंट्रोलमध्ये आहे. ब्युटिरेट घातलेल्या पेशी विभागणं थांबवतात, न घातलेल्या तीन दिवसांत साधारण आठपट होतात. ७२ तासांनी कंट्रोलची प्लेट तुडुंब भरलेली, माध्यम पिवळं पडलेलं, पेशी उपाशी. तुम्ही तुलना करताय ती 'विभेदित विरुद्ध अविभेदित' अशी राहतच नाही, ती 'विभेदित विरुद्ध उपाशी' अशी होते. म्हणून कंट्रोलमध्ये पेशी कमी टाका, दोन्हींचं माध्यम रोज बदला, आणि शून्य तासाचाही एक नमुना ठेवा.

नमुना घेतला की ट्यूबवर पॅसेज क्रमांक, दिवस आणि तळ किती भरला होता ते लिहा. पॅसेज फार पुढे गेला की पेशी स्वभाव बदलते, तेव्हा सगळे प्रयोग दहा पॅसेजच्या आत उरका.

६. जनुकांकडे जाण्याआधी विभेदन झालं का ते तपासा

ही पायरी गाळून थेट पीसीआरला जाणारे पुष्कळ. ब्युटिरेट डीएनएची गुंडाळी घट्ट ठेवणाऱ्या एचडीएसी एन्झाइमांना रोखतं. त्यामुळे डीएनएची गुंडाळी सैल होते आणि शेकडो जनुकं हलतात, त्यांतल्या अनेकांचा विभेदनाशी काही संबंध नसतो. पी२१ च घ्या. एचटी-२९ मध्ये पी५३ नादुरुस्त असूनही ब्युटिरेटने ते चढतं, कारण ते या सैल गुंडाळीमुळे थेट चढतं. नुसतं पी२१ दाखवून 'विभेदन झालं' म्हणू नका.

स्वस्त आणि भरवशाचा पुरावा म्हणजे अल्कलाइन फॉस्फटेज, पेशी प्रौढ होताना वाढणारं एन्झाइम. पेशी फोडा, पीएनपीपी (या एन्झाइमने तुटला की पिवळा होणारा पदार्थ) घाला, पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरवर वाचा, ब्रॅडफोर्ड या रंगचाचणीने मोजलेल्या प्रथिनाने भागा. साध्या कलरीमीटरवर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटरवरही होतं. दोन खबरदाऱ्या घ्या. शेवटची धुणी पीबीएस या फॉस्फेटच्या बफरने करू नका, फॉस्फेट या एन्झाइमला अडवतं, साधं सलाइन वापरा. आणि फोडण्याच्या बफरमध्ये ईडीटीए नको, ते एन्झाइमचं जस्त पळवतं. माझा पहिला पिवळा रंग आलाच नव्हता तो या पीबीएसपायी.

७. आरएनए काढा

सगळे नमुने ट्रायझॉलमध्ये (पेशी फोडून आरएनए जपणारं द्रावण) उणे ८० ला साठवा आणि आरएनए एकाच दिवशी, एकाच हाताने काढा. २६०/२८० चं गुणोत्तर २ च्या आसपास हवं, २६०/२३० फार खाली असेल तर पुन्हा धुवा. जेलवर रायबोझोमच्या आरएनएचे दोन पट्टे दिसतात, त्यांतला २८एस चा पट्टा १८एस च्या साधारण दुप्पट ठळक दिसला पाहिजे. उरलेला डीएनए काढायला डीएनेज करा, आणि तो खरंच गेला का ते कळायला प्रत्येक नमुन्याची एक नळी रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजशिवाय (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) चालवा.

ट्रायझॉलचा कचरा हायपोक्लोराइटच्या बादलीत कधीही ओतू नका. आपल्याकडे 'सगळं ब्लीचमध्ये' ही सवय असते. यातल्या ग्वानिडीन थायोसायनेटची ब्लीचशी गाठ पडली की विषारी वायू निघतो.

रिअल-टाइम मशीन दुसऱ्या गावी असेल, तर आरएनए घेऊन एसटीत बसू नका. सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) आपल्याच लॅबमध्ये करा आणि तो न्या, तो बराच टणक असतो. लसीकरणाच्या शीतपेटीत जेलपॅक घालून मी छत्रपती संभाजीनगरला सहा फेऱ्या केल्या, एकही नमुना खराब झाला नाही.

८. जनुकांची यादी छोटी ठेवा

उतरायला हवीत (विंट आणि विभागणीची जनुकं): एमवायसी, सायक्लिन डी१, एक्सिन२, एलजीआर५, एमकेआय६७. चढायला हवीत (प्रौढ पेशीची जनुकं): आतड्याचं अल्कलाइन फॉस्फटेज म्हणजे एएलपीआय, व्हिलिन, केराटिन २०, आणि काको-२ असेल तर सुक्रेज-आयसोमाल्टेज. या शेवटच्याला कामाला लावणारा मुकादम सीडीएक्स२, जमलं तर तोही घ्या. प्रत्येक गटातली किमान दोन हवीत. 'विभागणं थांबलं' आणि 'पेशी प्रौढ झाली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणून दुसरी झालीच असं नाही.

प्राइमर (पीसीआरला नेमकं जनुक शोधून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवताना एएलपीआय बाबत डोळ्यांत तेल घाला. दोन नंबरच्या गुणसूत्रावर त्याची दोन जवळजवळ जुळी भावंडं आहेत, वारेतल्या आणि जननपेशींतल्या फॉस्फटेजची. प्राइमर सारख्या भागावर बसला तर तिघांची बेरीज मोजाल. प्राइमर ब्लास्ट करा (तो आणखी कुठल्या जनुकावर बसतो का ते संगणकावर तपासा) आणि शक्यतो एक्झॉनच्या सांध्यावर घ्या. कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत बसली पाहिजे.

९. संदर्भ जनुक: माझे तीन महिने इथे गेले

संदर्भ जनुक म्हणजे जे हलत नाही असं धरून बाकीची जनुकं ज्याच्या तुलनेत मोजतो ते. लॅबमध्ये जीएपीडीएचचे प्राइमर आयते होते, सगळे तेच वापरत, मीही वापरले. निकाल असा की एएलपीआय चढलं, छान. व्हिलिन चढलं, छान. एमवायसीही चढलं. सर म्हणाले, "एमवायसी वाढतंय, तर मग पेशी थांबतायत कशा?" मी प्राइमर बदलले, मशीनला दोष दिला, पुन्हा पेशी वाढवल्या. तेच.

चूक संदर्भात होती. जीएपीडीएच हे साखर जाळण्याच्या साखळीतलं एन्झाइम आहे, आणि विभेदित होणारी पेशी साखर जाळण्याची रीतच बदलते. माझ्या नमुन्यांत ते दीड सायकलने खाली गेलं होतं. पीसीआरच्या दर सायकलला प्रती दुप्पट होतात, म्हणून दीड सायकल म्हणजे २.८ पट. एमवायसी प्रत्यक्षात निम्म्यावर आलं होतं, पण मोजपट्टीच आखडल्यामुळे ते १.४ पट वाढलेलं दिसत होतं. एएलपीआयचा आकडाही तितकाच फुगलेला होता. पण तो हवा तसा होता, म्हणून कुणी विचारलं नाही.

मग बीटा-अ‍ॅक्टिन घ्यावं का? विचार करा. प्रौढ पेशीच्या माथ्यावर जो ब्रश बॉर्डर (बारीक केसांसारखी झालर) उगवतो त्याचा गाभाच अ‍ॅक्टिनचा, आणि व्हिलिन त्या अ‍ॅक्टिनला बांधतं. नेमक्या याच प्रयोगात त्याच्यावर भरवसा ठेवणं धोक्याचं. आरपीएलपी०, बी२एम, एचपीआरटी१ असे तीन-चार उमेदवार घ्या, सगळ्या दिवसांच्या नमुन्यांत सारखा सीडीएनए घालून चालवा, आणि जे कमीत कमी हलतात अशा दोघांची सरासरी धरा. जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडर ही सॉफ्टवेअरं हे काम करून देतात. रिअल-टाइम पीसीआरसाठीच्या २००९ च्या एमआयक्यूई नियमावलीतही हेच मागितलं आहे, आणि जाणकार परीक्षक तेच विचारतात.

१०. आकडेमोड

लिवाक पद्धत २००१ ची, सोपी. समजा शून्याव्या दिवशी एएलपीआयचा सीटी (कितव्या सायकलला जनुक दिसलं तो आकडा) ३० आणि संदर्भाचा १८, फरक १२. चौदाव्या दिवशी २५.५ आणि १८.५, फरक ७. दोन फरकांतलं अंतर ५, म्हणजे २ चा पाचवा घात, ३२ पट. सांख्यिकी चाचणी पटींवर नाही, या फरकांवर करा.

तीन प्रयोग म्हणजे तीन वेगळ्या वेळी, वेगळ्या पॅसेजवर केलेले. एकाच हंड्यातला भात तीन ताटांत वाढला म्हणून तीनदा रांधला असं होत नाही.

घरी आणि गावात सांगताना मात्र जपून. ब्युटिरेट आपल्याच आतड्यातले जिवाणू न पचलेल्या तंतूंपासून बनवतात हे खरं, ज्वारीच्या भाकरीतही ते तंतू असतात हेही खरं. माझ्या मावशीने एवढं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी 'भाकरीने कॅन्सर बरा' हा मेसेज घरच्या ग्रुपवर फिरत होता. प्लॅस्टिकच्या तळावरच्या पेशींना तीन दिवस ५ मिलिमोलर दिलं, एवढंच आपण पाहिलंय.

११. लॅबच नसेल तर

जीईओ हा जनुक-अभिव्यक्तीचा सार्वजनिक साठा २००० सालापासून फुकट खुला आहे. काको-२ आणि एचटी-२९ दोन्हींची माहिती त्यात सापडते. ८ जीबीचा लॅपटॉप, आर भाषा, मायक्रोअ‍ॅरेसाठी लिमा, आरएनए-सीक्वेन्सिंगच्या मोजणीसाठी डीईसेक२ ही पॅकेजं, एवढ्यावर प्रबंध होतो. वीस हजार जनुकं तपासताना ०.०५ ची साधी मर्यादा लावली तर हजारभर जनुकं नुसत्या योगायोगाने 'बदललेली' दिसतील, म्हणून एफडीआरने (खोट्या निकालांचं प्रमाण धरून) दुरुस्त केलेला आकडाच बघा. यादी एक्सेलमध्ये उघडू नका. ते सेप्ट२ या जनुकाला २ सप्टेंबर करून टाकतं. या घोळापायी २०२० मध्ये त्या जनुकांची नावंच बदलावी लागली, पण जुन्या फाइलींत जुनीच आहेत.

आणि माहिती उतरवून घेण्याआधी त्या नोंदीतला पद्धतीचा परिच्छेद शेवटपर्यंत वाचा. 'डे झीरो' काही लॅबमध्ये पेशी टाकल्याचा दिवस असतो, काहींत तळ भरल्याचा. दोन नोंदी एकत्र करायच्या असतील तर हे आधी जुळवा. नोंदीत लिहिलेलंच नसेल, तर ती नोंद सोडून दुसरी घ्या.